चक्रीवादळ केवढं? आधी त्याची कड ठरवा

इचलकरंजीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘2021 च्या मे महिन्यात तौक्ते कोकणासमोरून गेलं तेव्हा टीव्हीवरच्या उपग्रह चित्रात कोल्हापूर ढगाखाली दिसत होतं. मग आपण वादळाच्या आत होतो की बाहेर? शिवाय वादळाचा व्यास एके ठिकाणी 300 किलोमीटर आणि दुसरीकडे 800 किलोमीटर असा वाचायला मिळतो. यातलं खरं कोणतं? प्रकल्पासाठी अरबी समुद्रातल्या वादळांचा आकार मोजायचा आहे, सुरुवात कुठून करू?’

एकाच वादळाचे हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. खरा पेच वादळाची ‘कड’ कुठली धरायची हा आहे. कोल्हापूर केवढं असं कुणी विचारलं तर महापालिकेची हद्द सांगायची, की पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीपर्यंत भरत गेलेली वस्ती धरायची? हद्दवाढीचा वाद इतकी वर्षं चाललाय तो यावरच. वादळाला तर कागदावरचीही हद्द नसते. केंद्रापासून बाहेर निघालात की वारा आधी झपाट्याने वाढतो, डोळ्याच्या, म्हणजे मधल्या शांत भागाच्या, भोवतालच्या ढगांच्या भिंतीपाशी कळस गाठतो आणि मग हळूहळू उतरत शेकडो किलोमीटर रेंगाळतो. त्या उतारावर रेघ कुठे मारायची हे मोजणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि ते कशासाठी मोजतोय यावर अवलंबून असतं. म्हणून आकड्याबरोबर कड सांगितलेली नसेल तर तो आकडा मी बाजूला ठेवतो.

आतून बाहेर जाऊ. सगळ्यात आत डोळा. तो प्रत्येक वादळाला नीट दिसेलच असं नाही, आणि त्याच्या व्यासावरून एकूण वादळ केवढं ते कळत नाही. त्याच्या कडेला कमाल वाऱ्याची त्रिज्या, म्हणजे जिथे वारा सर्वांत जोरात आहे तिथपर्यंतचं केंद्रापासूनचं अंतर. हे साधारण काही दशक किलोमीटरांत असतं. मग 64 नॉट, 50 नॉट आणि 34 नॉट वाऱ्याच्या त्रिज्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर अनुक्रमे 119, 93 आणि 63. आपलं हवामान खातं याशिवाय 28 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 52 किलोमीटर वाऱ्याची त्रिज्याही देतं. सगळ्यात बाहेर येते ती शेवटची बंद समदाब रेषा, म्हणजे हवेचा सारखा दाब असलेल्या जागा जोडणारी रेषा: नकाशावर केंद्राभोवती पूर्ण वळसा घालून स्वतःला येऊन मिळणारी सर्वांत बाहेरची रेषा. तिच्या पलीकडच्या रेषा मोकळ्या सुटलेल्या असतात.

या सगळ्यांत कामाची कड 34 नॉटची. प्रणालीला ‘चक्रीवादळ’ म्हणायला आणि नाव द्यायला हाच उंबरठा आहे, मासेमारी नौका आणि बंदरांचे इशारे याच्या आसपास फिरतात, आणि उपग्रहांवरची वारा मोजणारी उपकरणं या वेगाला भरवशाची असतात. 64 नॉटच्या वर जाल तसं मोजमाप अवघड होत जातं. 20 नॉटच्या खाली जाल तसं हा वारा वादळाचा की आजूबाजूच्या नेहमीच्या हवेचा हे वेगळं काढता येत नाही. 34 त्या दोन्हींच्या मधे नेमकं बसतं.

आता 300 आणि 800 चं कोडं. 34 नॉटची सरासरी त्रिज्या 80 सागरी मैल असेल तर ते झाले 148 किलोमीटर, व्यास जवळपास 300. त्याच वादळाची शेवटची बंद समदाब रेषा केंद्रापासून 400 किलोमीटरवर असेल तर व्यास 800. दोघांनीही बरोबर मोजलंय, फक्त कडा वेगळ्या धरल्यात. त्यात बातम्यांत त्रिज्येला व्यास म्हणणं आणि सागरी मैलांना किलोमीटर समजणं हेही सर्रास होतं. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे हा घोळ झाला की आकडा थेट निम्म्याच्या जवळ येतो. (पुढे नुसतं ‘मैल’ म्हटलं तरी सागरी मैलच समजा.)

समदाब रेषेच्या पद्धतीचं थोडक्यात सांगतो, कारण जुन्या वादळांसाठी बऱ्याचदा तेवढाच पुरावा हाती असतो. नकाशावर दर 2 हेक्टोपास्कलला (हे हवेच्या दाबाचं एकक) एक अशा रेषा काढलेल्या असतात. केंद्रापासून शेवटच्या बंद रेषेपर्यंत चार-आठ दिशांना अंतर मोजायचं आणि सरासरी घ्यायची. जुन्या वर्गवारीत ही त्रिज्या अक्षांशांत सांगतात: 2 अंशांपेक्षा कमी तर अगदी लहान, 2 ते 3 लहान, 3 ते 6 मध्यम, 6 ते 8 मोठं, 8 च्या वर अतिमोठं. एक अक्षांश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणजे ‘मध्यम’ वादळाचीही त्रिज्या साडेतीनशे ते साडेसहाशे किलोमीटर भरते. यात खोट अशी की ही रेषा वादळाइतकीच भोवतालच्या हवेवर ठरते. जूनमध्ये मान्सूनचा प्रवाह बसला की किनाऱ्याला आधीच दाबाचा उतार असतो आणि त्यात रेषा लवकर मोकळ्या सुटतात. तेच वादळ नोव्हेंबरात असतं तर आणखी एक-दोन रेषा बंद राहिल्या असत्या. रेषा 2 ऐवजी 4 हेक्टोपास्कलने काढल्या तरी उत्तर बदलतं. म्हणून दोन वेगवेगळ्या ऋतूंतल्या वादळांची तुलना फक्त यावरून करू नका.

वाऱ्याच्या त्रिज्येकडे येऊ. वादळ गोल नसतं, म्हणून केंद्राभोवती चार चतकोर पाडतात: ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. प्रत्येक चतकोरात 34 नॉट वारा जास्तीत जास्त किती लांब पोचतो तो आकडा तक्त्यात येतो. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द सोडू नका. एखाद्या चतकोरात वारा एका अरुंद दिशेला 120 मैलांपर्यंत आणि उरलेल्या भागात 70 पर्यंतच असेल, तरी तक्त्यात 120 च दिसणार. त्यामुळे या आकड्यांवरून काढलेलं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा नेहमी जास्तच येतं.

उदाहरणाला काल्पनिक आकडे घेऊ: ईशान्य 90, आग्नेय 110, नैर्ऋत्य 80, वायव्य 60 सागरी मैल. साधी सरासरी 85, म्हणजे 157 किलोमीटर. पण तुम्हाला वादळाने व्यापलेलं क्षेत्र हवं असेल तर आधी वर्ग करा: 8100, 12100, 6400 आणि 3600, बेरीज 30200, चारने भागून 7550, त्याचं वर्गमूळ सुमारे 87. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चार चतकोरांच्या बेरजेइतकंच असतं. इथे 85 आणि 87 मधे फारसा फरक नाही, पण वादळ जितकं एकांगी तितका हा फरक वाढतो. एक चतकोर शून्य असलेली वादळं आपल्या समुद्रात दुर्मीळ नाहीत. तिथे शून्य धरून सरासरी काढायची की उरलेल्या तिघांचीच, हे आधी ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या वादळांना तोच नियम लावा.

एकांगीपणाची दोन मुख्य कारणं आपल्या किनाऱ्याला थेट लागू पडतात. उत्तर गोलार्धात वादळ फिरतं घड्याळाच्या उलट, आणि पुढे सरकण्याचा वेग त्याच्या उजव्या बाजूच्या वाऱ्यात मिळतो. तौक्ते किंवा त्याच्यासारखं कोणतंही वादळ कोकणाला समांतर उत्तरेकडे निघालं की त्याची उजवी बाजू म्हणजे पूर्व, म्हणजे आपला किनारा. दुसरं कारण मान्सून. जूनमधल्या वादळांच्या दक्षिण आणि पूर्व अंगाला नैर्ऋत्येचा मोसमी वारा येऊन मिळतो आणि त्या चतकोरांत 34 नॉटची रेघ लांबवर ताणली जाते. तो वारा वादळाचा की मान्सूनचा यावर काम करणाऱ्यांत एकमत होत नाही, आणि मलाही त्यातून काटेकोर सुटका दिसत नाही. मी एवढंच पाळतो: 34 नॉटचा पट्टा केंद्राभोवतीच्या मुख्य पट्ट्याला सलग जोडलेला असेल तर मोजायचा; मधे कमी वाऱ्याची पट्टी असेल तर पलीकडचा भाग सोडायचा.

आता हे मोजतात कसं. भारतात वादळात विमान घालून मोजण्याची सोय नाही, आणि भर समुद्रात बॉय (हवामान नोंदणारं तरंगतं उपकरण) किंवा जहाज नेमक्या जागी असेल याची खात्री नसते. त्यामुळे मुख्य भिस्त स्कॅटरोमीटरवर. हे उपकरण उपग्रहावरून रडारचा झोत समुद्रावर टाकतं, वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटांवरून परत आलेला झोत मोजतं आणि त्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढतं. युरोपच्या मेटऑप उपग्रहांवर ॲस्कॅट आहे. आपल्या इस्रोचा ओशनसॅट-2 2009 ला गेला, स्कॅटसॅट-1 2016 ला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये ओशनसॅट-3. ॲस्कॅटचं वेळापत्रक साधारण सकाळी आणि रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराचं. त्याचे दोन पट्टे, प्रत्येकी 550 किलोमीटर रुंद, आणि मधे सातशेच्या आसपास किलोमीटरची मोकळी फट. वादळ त्या फटीत सापडलं की त्या फेरीत अर्धंच हाती लागतं किंवा काहीच नाही.

स्कॅटरोमीटरचं चित्र मिळालं की पहिलं काम केंद्र बसवण्याचं, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वादळाच्या अधिकृत जागा सहा-सहा तासांनी नोंदवतात: आपल्या घड्याळाने पहाटे 5:30, 11:30, 17:30, 23:30. समजा उपग्रह 9:30 ला गेला आणि वादळ 12 नॉटने उत्तरेकडे सरकतंय. तुम्ही 5:30 ची जागा तशीच वापरलीत तर चार तासांत केंद्र 48 सागरी मैल पुढे गेलेलं असतं. मग उत्तरेकडची त्रिज्या 48 मैलांनी फुगते, दक्षिणेकडची तेवढीच आटते, आणि तुम्ही ‘वादळ फार एकांगी आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होता. म्हणून 5:30 आणि 11:30 च्या जागांमधून 9:30 ची जागा काढा. मग वाऱ्याचे बाण ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतात त्याच्याशी ती ताडून बघा. दोन्हीत 15-20 मैलांहून जास्त फरक असेल तर उपग्रहाची नेमकी वेळ पुन्हा तपासा. बहुतेक वेळा जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवायचे राहिलेले असतात.

केंद्र बसलं की प्रत्येक चतकोरात 34 नॉटचा सर्वांत बाहेरचा, पण सलग भागातला बाण शोधा आणि अंतर मोजा. अंतरासाठी अक्षांशांचा फरक गुणिले 111, रेखांशांचा फरक गुणिले 106, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. 106 हा गुणक आपल्या अक्षांशांचा आहे. गुजरातच्या किनाऱ्याजवळ 20-21 अंशांवर तो 104 च्या आसपास येतो. आकडे पाच-पाच मैलांत पूर्णांक करा. त्याहून बारीक लिहिण्यात अर्थ नाही, कारण खुद्द बाणांमधलं अंतरच साडेबारा किंवा पंचवीस किलोमीटर असतं.

पावसाचा त्रास वेगळा. आपल्या ओशनसॅटसारखी केयू बँडची, म्हणजे आखूड रडारलहरी वापरणारी, उपकरणं जोरदार पावसात फसतात: वारा कमी असला तर पाऊस तो वाढवून दाखवतो आणि खूप जास्त असला तर कमी करून. बाहेरच्या पावसाळी पट्ट्यात 34 नॉटची सुटी बेटं दिसतात ती बरेचदा यातूनच येतात. ओळखायची खूण अशी की तिथले बाण वादळाभोवती वळण्याऐवजी उपग्रहाच्या मार्गाला आडवे पडलेले असतात. ॲस्कॅटचा सी बँड (जास्त लांबीच्या लहरी) पावसाला पुष्कळ कमी बधतो, म्हणून दोन्ही हाताशी असतील तर 34 नॉटसाठी मी ॲस्कॅटला झुकतं माप देतो. पण किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये जमिनीवरून परतलेला झोत मिसळतो आणि तिथे दोन्हींपैकी कुणाचंच चालत नाही. म्हणजे रत्नागिरी-देवगडसमोरची जी पट्टी आपल्याला हवी असते, नेमकी तीच रिकामी.

64 नॉट आणि कमाल वाऱ्याच्या त्रिज्येसाठी स्कॅटरोमीटर अपुरा पडतो. तिथे सिंथेटिक अपर्चर रडार कामाला येतं. सेंटिनेल-1 सारख्या उपग्रहाच्या चित्रात डोळ्याची भिंत किलोमीटरच्या बारकाईने दिसते. मात्र ते चित्र ठरावीक जागीच आणि क्वचित मिळतं. स्मॅप आणि स्मॉस हे एल बँडचे उपग्रह जोरदार वाऱ्यातही दमत नाहीत, पण त्यांची बारकाई 40 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे लहान वादळाचा गाभा त्यांच्यात पुसट होऊन जातो.

किनाऱ्यावरच्या डॉप्लर रडारबद्दल नेहमी विचारणा होते. रडार डोळा आणि पावसाचे वळसे सुरेख दाखवतं, पण जमिनीलगतच्या वाऱ्याची त्रिज्या त्यावरून थेट काढू नका. पृथ्वीच्या गोलाईमुळे अर्ध्या अंशाने सोडलेला झोत 100 किलोमीटरवर जवळपास दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि 250 किलोमीटरवर सहा किलोमीटर. पणजीच्या रडारचा झोत कोल्हापूरवर येईपर्यंतच अडीच किलोमीटर वर गेलेला असतो. शिवाय एकटं रडार फक्त आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वारा मोजतं. आडवा वारा त्याला दिसत नाही.

आणि उपग्रहाचं साधं ढगांचं चित्र? त्यात दिसणारा पांढरा पसारा बहुतांशी दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरच्या ढगांचा असतो. वादळ खालून हवा ओढतं आणि वरून बाहेर फेकतं. ती वर फेकलेली हवा बर्फाळ ढगांची चादर घेऊन दूरवर जाते. वरच्या थरातला वारा एका दिशेने जोरात असेल तर सगळी चादर एका बाजूला सरकते आणि केंद्र ढगांच्या कडेला उघडं पडतं. अशा वेळी ढगांच्या गोलाचा मध्य म्हणजे वादळाचा मध्य असं धरलं तर आकारही चुकतो आणि जागाही. भर म्हणून मे महिन्यात आपल्याकडे वळवाचे ढग असतातच, ते चित्रात वादळाच्या ढगांत मिसळून एकच दिसतात. ड्वोराक पद्धतीने ढगांच्या आकृतिबंधावरून वादळाची तीव्रता काढतात, तिचा आकाराशी संबंध नाही.

तीव्रतेवरून आकाराचा अंदाज बांधायचा मोह सगळ्यांना होतो. तो का फसतो ते आकड्यांत पाहा. एक सोपं सूत्र वापरतात: कमाल वाऱ्याच्या त्रिज्येच्या बाहेर वारा अंतराच्या एका घाताने घटतो, आणि तो घात साधारण 0.4 ते 0.6 धरतात. कमाल वारा 80 नॉट आणि त्याची त्रिज्या 20 मैल घ्या. घात 0.6 धरला तर 34 नॉटची त्रिज्या 83 मैल येते, 0.5 ला 111, आणि 0.4 ला 170. तीव्रता तीच, गाभा तोच, आणि आकार दुपटीहून जास्त फरकाचा. प्रत्यक्षातही तसंच आहे. पॅसिफिक महासागरातल्या 1979 च्या टिप वादळाचा 34 नॉटचा व्यास 2220 किलोमीटर होता. त्याचं केंद्र कोल्हापुरावर ठेवलं तर कड जयपूरच्या अलीकडेपर्यंत गेली असती. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर जमीनदोस्त करणाऱ्या ट्रेसीची 34 नॉटची त्रिज्या जेमतेम 50 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते मिरज. दोन्ही भयंकर, पण एकाच्या वाट्याला अर्धा देश आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक शहर. समुद्राच्या उधाणाला तर आकार फार महत्त्वाचा: अमेरिकेच्या मिसिसिपी किनाऱ्यावर 1969 चं कॅमिल पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं आणि 2005 चं कतरिना किनाऱ्याला लागताना तिसऱ्या श्रेणीचं, तरी कतरिनाचं उधाण जास्त उंच चढलं, कारण ते कितीतरी पसरट होतं.

प्रकल्पासाठी डेटा घेताना काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. आयबीट्रॅक्स या जागतिक संग्रहात जेटीडब्ल्यूसी या अमेरिकी लष्करी केंद्राच्या चतकोरनिहाय त्रिज्या मिळतात आणि अरबी समुद्रासाठी सुरुवातीला त्याच सोयीच्या आहेत. पण ते केंद्र एका मिनिटाची सरासरी घेतं, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची, जपान दहा मिनिटांची. सरासरीचा काळ जितका लहान तितका वाऱ्याचा आकडा मोठा, म्हणून तेच वादळ एक मिनिटाच्या हिशेबात मोठं दिसतं. दोन संस्थांचे आकडे एका तक्त्यात कालवू नका. जपानची यंत्रणा तर 34 नॉट देतच नाही, ती 30 आणि 50 नॉटच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड त्रिज्या देते.

जेटीडब्ल्यूसीच्या मूळ फायली उघडणार असाल तर त्यात एकाच वेळेच्या तीन ओळी असतात, 34, 50 आणि 64 नॉटच्या; त्या वेगळ्या न केल्यास नोंदी तिप्पट मोजल्या जातात. काही ओळींत ‘एएए’ असा संकेत असतो. त्याचा अर्थ पूर्ण वर्तुळाला एकच त्रिज्या, आणि ती पहिल्या रकान्यात लिहिलेली असते. उरलेले तीन रकाने शून्य समजून सरासरी काढली की वादळ एक चतुर्थांश होऊन बसतं. रिकामा रकाना आणि शून्य यांतही फरक ठेवा: शून्य म्हणजे तिथे तेवढा वारा नव्हता, रिकामा म्हणजे कुणी मोजलंच नाही. आणि या सर्व आकड्यांत वीस-तीस मैलांची चूक गृहीत धरूनच पुढे जा. वादळ दुसऱ्यापेक्षा 10 मैलांनी मोठं निघालं तर ते मोठं आहे असं म्हणू नका.

ज्या वर्षांच्या त्रिज्या मिळत नाहीत त्यांच्यासाठी ईआरए5 या पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुन्या नोंदी संगणकाच्या प्रारूपात घालून तयार केलेल्या हवामान संचाचा, आधार घेता येतो. त्याच्या चौकटी पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरच्या. त्यामुळे गाभा त्यात चपटा होतो, कमाल वारा कमी आणि त्याची त्रिज्या जास्त दिसते. पण बाहेरचा उतार बऱ्यापैकी उतरतो. म्हणून तिथे 34 नॉटच्या मागे लागण्यापेक्षा केंद्राभोवती 50-50 किलोमीटरची कडी पाडा, प्रत्येक कड्यातल्या फिरत्या वाऱ्याची सरासरी काढा आणि ती सेकंदाला 12 मीटरच्या खाली कुठे जाते ते अंतर घ्या. किनाऱ्याजवळच्या वादळात कड्याचा निम्मा भाग जमिनीवर येतो, तो वगळा, नाहीतर जमिनीच्या घर्षणाने कमी झालेला वारा सरासरीत शिरतो.

आता कोल्हापूर आत होतं की बाहेर. पद्धत एका काल्पनिक जागेवर दाखवतो. केंद्र 16.0 उत्तर, 72.2 पूर्व. कोल्हापूर 16.7 उत्तर, 74.2 पूर्व. अक्षांशांचा फरक 78 किलोमीटर, रेखांशांचा 212, एकूण 226 किलोमीटर, म्हणजे 122 सागरी मैल, ईशान्य चतकोरात. वरच्या उदाहरणात ईशान्येला 34 नॉटची त्रिज्या 90 मैल होती, म्हणजे कोल्हापूर बाहेर. त्याच क्षणी विजयदुर्ग केंद्रापासून 73 मैलांवर येतं, म्हणजे आत. मधलं सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. याशिवाय तक्त्यातल्या त्रिज्या उघड्या समुद्रावरच्या वाऱ्याच्या असतात. किनारा, कोकणातल्या टेकड्या आणि सह्याद्री ओलांडून येताना सरासरी वारा बराच पडतो. झोत मात्र अधूनमधून जोरात येतात, आणि ऊस आडवा पडतो किंवा पत्रे उडतात ते अशा झोतांनी. म्हणून आपल्या भागात त्रिज्येच्या थोडं बाहेर असलो तरी 28 नॉटची रेघ कुठे आहे ते बघावं.

पावसाचं गणित या रेघांच्या बाहेरचं आहे, आणि आपल्याकडे तेच जास्त मोलाचं. केंद्र गोव्यासमोर असताना कोल्हापूर ईशान्य चतकोरात, वारा पूर्व-आग्नेयेकडून. ती हवा घाटावरून कोकणात उतरते, त्यामुळे डोंगराने मिळणारी भर कमी. वादळ पुढे सरकून 18.5 उत्तर, 71.8 पूर्वेवर पोचलं की अंतर वाढून 320 किलोमीटरच्या वर जातं, पण आता आपण आग्नेय चतकोरात आणि वारा नैर्ऋत्येचा. समुद्राची ओल घेऊन तो गगनबावडा, राधानगरी, आंबा घाटाच्या कड्यांवर सरळ आदळतो आणि घाटमाथ्यावर पाऊस वाढू शकतो, तेही वादळ दूर गेल्यावर. 34 नॉटच्या तक्त्यात याचा मागमूस नसतो.

तौक्तेसाठी हे करायचं तर 16 आणि 17 मे 2021 च्या नोंदी घ्या; गोव्यासमोरून निघून 17 च्या रात्री सौराष्ट्रात दीव-ऊन्याजवळ जमिनीवर येईपर्यंतचा प्रवास त्यात येतो. प्रत्येक नोंदीसमोर कोल्हापूरपासूनचं अंतर, चतकोर, त्या चतकोरातली 34 नॉटची त्रिज्या आणि कोल्हापुरात वारा कुठल्या दिशेचा असायला हवा, असे चार रकाने भरा. पाचव्या रकान्यात उजळाईवाडी विमानतळाच्या त्या वेळच्या हवामान नोंदी मिळाल्या तर टाका. नोंदींतली दिशा पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि तिथून नैर्ऋत्येकडे वळत गेलेली दिसली तर केंद्र तुम्ही बरोबर बसवलंय. तशी वळली नाही तर त्रिज्यांना हात लावण्याआधी वेळा आणि केंद्र पुन्हा तपासा.